गुरुवारचा ओटा

"एकशे पन्नास? गेल्या वर्षी दोनशे दहा होते," सिदोर म्हणाला. "पेलिकन कमी झाले आर्त्योम, की तुझी नजर?"

ओट्यावर हशा पिकला. आर्त्योमही हसला, आणि चाचपडत त्याने चहाचा पेला शोधला. ते फक्त त्याच्या मुलीने, उलिताने पाहिलं.

दर गुरुवारी दुपारी ही मंडळी आर्त्योमच्या ओट्यावर जमत. सिदोर गस्तीच्या होड्यांचा प्रमुख. अन्का तुल्चा शहराहून येणारी पक्षी-अभ्यासक. आर्त्योम चाळीस वर्षं डॅन्यूबच्या दलदलीतली घरटी मोजत आला होता, आणि उलिता पाण्याची पातळी नोंदवायची. अभयारण्याच्या कचेरीत जे बोलता येत नाही ते इथे बोलायचं, आणि कुणी काही लिहून घ्यायचं नाही, असा रिवाज.

"यंदापासून मोजणी दुसऱ्या कुणाकडे द्यावी का, काका?" अन्काने विचारलं.

"मी मेल्यावर द्या."

"अरे, पण वाट तरी सापडते का तुला?" सिदोर म्हणाला.

"वाट इथे असते." आर्त्योमने कपाळावर बोट ठेवलं. "पाण्यावर नाही. खूण केली की वाट सगळ्यांची होते."

यावर कुणी हसलं नाही. घरटी बोरूच्या, उंच पाणगवताच्या, तरंगत्या बेटावर होती. होडी जवळ गेली की पक्षी उडतात, आणि तासाभरात टपलेले कुरव पक्षी अंडी फोडून खातात. म्हणून ती जागा नकाशावरसुद्धा कुणी दाखवत नसे.

उलिता दारात बसून जुना अभ्रा फाडत होती. पांढरा, निळ्या काठाचा, आईच्या हातचा.

"चांगला होता की," अन्का म्हणाली.

"विरलाय. भांडी पुसायला होईल."

सगळे उठले तेव्हा आर्त्योमने नेहमीसारखंच विचारलं, "पुढच्या गुरुवारी रस्सा कुठल्या माशाचा, कार्प की पाइक?"

"कार्प," सिदोर म्हणाला.

शनिवारी सिदोर धावत आला. "तीन होड्या भरून कॅमेरेवाले! थेट घरट्यांपाशी! कुणा हरामखोराने मोठ्या कालव्यापासून आतपर्यंत बोरूला चिंध्या बांधल्यात. एक अंडं शिल्लक नाही."

त्याच्या बुटांना पिवळा बलक आणि पिसं चिकटली होती. घरभर कुजका वास पसरला. उलिताने जाऊन हात धुतले.

"चिंध्यांना कुणी हात लावायचा नाही," सिदोर म्हणाला. "सोमवारी कचेरीची माणसं पाहणीला येतायत."

चुलीवरच्या दोरीवर पुसणी वाळत असत. आर्त्योम तिकडे बघत राहिला; अभ्र्याचं पांढरं पुसणं तिथे एकही नव्हतं.

रविवारी पहाटे तो होडी घेऊन गेला. सोमवारी सिदोरलाच तो सापडला, बोरूच्या रानात, जिथून पुढे वाट नाही अशा जागी. हृदय थांबलं होतं. वल्ही होडीत नीट ठेवलेली होती.

मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशी, त्याच्या नावच्या जेवणाला, मंडळी पुन्हा ओट्यावर जमली. उलिताने प्रथेप्रमाणे मधातले गहू वाढले, मग कार्पचा रस्सा. सिदोरच्या मिशांना चरबी लागली होती. माशाचं डोकं तो मन लावून चोखत होता.

"कचेरीला चिंध्या बांधणाऱ्याचं नाव हवंय," तो म्हणाला. "नाही दिलं तर आपल्या सगळ्यांना घरी बसवतील."

"काकांना आता काय फरक पडतोय?" अन्का ताट पावाने पुसत म्हणाली.

"तेच म्हणतो मी. दिसत नव्हतं त्याला, आपल्याला ठाऊक होतं. स्वतःसाठी खुणा बांधल्या, आणि उघडकीला येईल म्हणून सोडायला गेला. खिशात सत्तावीस चिंध्या निघाल्या."

"चांगले होते हो."

"होताच की! म्हणून तर राग धरायचा नाही." सिदोरने दातात अडकलेला काटा काढून ताटात थुंकला. "दे गं आणखी थोडा, उलिता. बापाच्या हाताची चव उतरलीय हो तुझ्यात."

उलिताने पळी उचलली. हा माणूस चाळीस वर्षं बाबांच्या होडीत बसला होता, बाबांच्या ताटात जेवला होता. आता तोंडात घास धरून तो त्यांना दुसऱ्यांदा पुरत होता, आणि वर रस्सा मागत होता. तिने पळी खाली ठेवली. आत जाऊन पुन्हा हात धुतले. चाळीस दिवस साबण लावूनही बलकाचा वास जात नव्हता.

ती बाहेर आली तेव्हा सिदोरने रश्शाच्या भांड्याशेजारी एक पुरचुंडी सोडली होती.

"तुझ्या समाधानासाठी दाखवतो. बघ, तुमच्या घरचंच कापड आहे."

पांढऱ्या चिंध्या, चिखलाने कडक झालेल्या. काहींना निळा काठ होता. अन्काने काठाकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि घास चावायची थांबली.

"मग उद्या त्याचं नाव देतो," सिदोर म्हणाला. "ओट्यावरचं ओट्यावर राहील ना?"

"नाही," उलिता म्हणाली. "लिहून घ्या."

त्या ओट्यावर हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं. सिदोरचा हात ताटावर तसाच राहिला.

"बाबांना पांढरं तेवढं दिसायचं. एकेक सोडत ते आत गेले, म्हणून परतायला एकही उरली नाही. सोडल्या त्यांनी. बांधल्या मी."