खरं वाक्य

स्पोकन इंग्लिशच्या क्लासमध्ये मॅडमनी फळ्यावर लिहिलं, ‘आय एन्जॉय’. पुढे प्रत्येकीनं ‘आयएनजी’ लावून आपल्या आवडीची गोष्ट सांगायची होती. शालनताईंच्या सुनेनं शेजारी बसलेल्या सासूकडे हळूच पाहिलं आणि म्हणाली, “कुकिंग.” मग काय, सगळी बाकं एकामागून एक “कुकिंग, कुकिंग” करत सुटली.

शालनताई उठल्या आणि गप्पच उभ्या राहिल्या.

“आजी, चुकलं तरी चालेल,” मॅडम म्हणाल्या.

“चुकत नाहीये हो, पाठ केलंय. पण खोटं बोलवत नाही.” त्यांना माहेरची विहीर आठवली, पोहायला शिकताना पाठीला बांधलेला सुका भोपळा आठवला, आणि तो सोडून काठावरून मारलेली पहिली उडी. लग्नानंतर पाण्यात उतरायची गोष्टच कुणी काढली नव्हती. त्यांनी पदर खोचला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “आय एन्जॉय स्विमिंग!”

तेवढ्यात सून ताडकन उठली.

“मॅडम, माझं वाक्य बदलायचंय. आय हेट कुकिंग!”

पहिली टाळी वाजली ती सासूबाईंची.