खोक्यातली घरघर

आप्पा रेल्वेतून रिटायर झाले आणि आम्ही दौंडचं रुळालगतचं क्वार्टर सोडून शिरूरला राहायला आलो. दौंडला आई-आप्पांचं भांडण कधी दहा मिनिटांच्या वर गेलं नाही. इथं सकाळी पेटलेलं संध्याकाळपर्यंत विझायचं नाही. माझा जीव नुसता तळमळायचा.

शेवटी मी प्लायवूडचं खोकं ठोकलं, त्यात बारा इंची वूफर बसवला आणि बाजूला भोक पाडून पीव्हीसी पाइप घातला. पाइप दोनदा बदलला. तिसरा चांगला लांब टाकला, तेव्हा कुठं मनासारखी घरघर आली.

"पोरगी आता घरात डीजे वाजवणार व्हय? तुमच्याच लाडानं बिघडली!" आई कडाडली.

"माझ्या? आन् तू काय..."

मी बटण दाबलं. मांडणीवरचे पेले थरथरले, खिडकी खडखडली. आप्पा वाक्य अर्धवट सोडून थांबले. आईनं न बघताच पेल्यांवर हात ठेवला. दौंडला रेकॉर्ड केलेली मालगाडी चांगली दोन मिनिटं घरातून गेली.

"काय म्हणत व्हता तुम्ही?" आईनं विचारलं.

"आठवंना," आप्पा म्हणाले. "च्या टाक."