हिरवी पाकळी

सनाउल्ला विणकराच्या पत्राला मी पाच महिने उत्तर दिलं नव्हतं. ‘उस्ताद, तुम्ही लिहिलेल्या नक्षीच्या कागदाप्रमाणे या पश्मिना शालीवर गुलाबाची एक पाकळी हिरवी येते. तशीच विणू?’ चूक माझीच होती. कबूल करायची लाज वाटली. म्हटलं, तो आपणच लाल करेल.

आज त्याची मुलगी आली. “तेव्हापासून अब्बांचा माग झाकलेलाच आहे, चाचा. शेजारी म्हणतात, घाल की लाल धागा! तर त्यांच्याच अंगावर धावून जातात. म्हणे, उस्तादांच्या मनात काहीतरी असेल.”

“माझी चूक असेल, असं नाही वाटलं त्याला?”

“तुमची? काय थट्टा करता!”

‘चूक माझी. लाल विण,’ एवढं तिच्यासमोर बोलवेना. ती गेल्यावर ते कार्डावर लिहिलं आणि पोस्टाच्या पेटीत टाकलं.