एका पत्त्याखाली

द्वारकाबाईंच्या तिन्ही पोरांनी आधी चुली वेगळ्या केल्या, मग वेबसाइटही फोडली. टँकरवाल्या थोरल्याचं सबडोमेन, म्हणजे मूळ वेबसाइटच्या नावाला जोडलेला स्वतंत्र पत्ता, वेगळं, बोअर मारून देणाऱ्या मधल्याचं वेगळं, पाण्याचे जार विकणाऱ्या धाकट्याचं वेगळं. फोन नंबरही ज्याचा त्याचा. दुष्काळाचं साल, बिडकीनपासून मुकुंदवाडीपर्यंत नव्या फ्लॅटांचे नळ कोरडे, अन् गुगलवर हे तिघं पाचव्या पानावर!

"सबडोमेनला गुगल वेगळं घर धरतं," वेबसाइट सांभाळणारी धाकटी सून प्रेरणा म्हणाली. "एकाचं नाव झालं तरी दुसऱ्याला फायदा नाय. सगळे एका पत्त्याखाली या, नंबरही एकच ठेवा. मग बघा."

तिघांनी कुरकुरत मान डोलावली. अन् आठवडाभरात फोन असा काही खणखणायला लागला की विचारू नका! एक बोलतोय, दुसरा पत्ता लिहितोय, तिसरा गाडी काढतोय. आपापल्या घरी जेवायला जायची फुरसत कुणाला? द्वारकाबाईंनी परातभर पिठलं-भाकरी मधोमध आणून ठेवली. तिघं एकमेकांच्या हातातला तुकडा पळवत, खिदळत तुटून पडले.

द्वारकाबाईंना तर नाचावंसंच वाटलं. "पोरी, तुझ्या गुगलच्या नावानं आज नारळ फोडते!"

"हळू बोला, आत्या," प्रेरणा हसू दाबत त्यांच्या कानाशी लागली. "गुगलवर आपलं पान अजून पाचवंच हाय. नंबर मीच सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये चिकटवून आले."