उद्याचे क्लिक

उद्या कोण कशावर क्लिक करणार, हे आजच दाखवणारं अॅनालिटिक्स आल्यापासून शलाकाचं काम सोपं झालं होतं. उद्या खपणाऱ्या वस्तूंच्या लिंक ती आजच आपल्या वेबसाइटवर ठळक जागी आणायची. वाचक तिथून खरेदी करायचे आणि तिला कमिशन मिळायचं.

आज त्यात फोटोला घालायचा चंदनाचा हार दिसला. उद्या संध्याकाळी तो तिच्या नवऱ्याच्या, निरंजनच्या फोनवरून घेतला जाणार होता. घरात ती दोघंच होती.

आणि उद्या मावसबहिणीच्या साखरपुड्यासाठी ती एकटीच गाडी घेऊन महाडला निघणार होती.

“मी नाही जात उद्या,” ती म्हणाली. “घाटात गाडी चालवायचं जिवावर आलंय.”

“मग मी जाऊन येतो,” स्वयंपाकघरातून निरंजन म्हणाला. “आहेर तरी पोचायला हवा.”

तिने पान रिफ्रेश केलं. हार तिथेच होता. फोन मात्र आता तिचा होता.

“आत्ताच पेट्रोल भरून ठेवतो. किल्ली कुठंय गं?”

शलाकाने स्क्रीनवरच्या हाराकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग तिने लॅपटॉप मिटला.

“फ्रिजवर आहे बघ.”