ऐकल्याशिवाय अंगठा नाही

"मशीनला काय माहीत, बाई भाजी विकते का नुसती खाते," वकिलांचे जुने मुनशी रामराव कपाटाकडे तोंड करून पुटपुटले. ऑफिस एवढंसं की कपाटाला सांगितलेलं सगळ्यांना ऐकू जायचं.

प्रणोतीने काळा कोट खुर्चीवर टाकला. "काका, मला ऐकू येऊन राहिलं."

"तुला कुठे बोलून राहिलो मी? मशीनला बोलतो."

तिचे वडील, शरच्चंद्र वकील, टेबलाशी बसले होते. ते कोर्टाचा सकाळचा आदेश तिसऱ्यांदा वाचत होते, जसा काही तिसऱ्या वेळी बदलेल.

आदेश त्यांच्या पक्षकार फूलमतीच्या केसचा होता. ती जवळच्या पनागर गावची. नवरा गेला तेव्हा सहा वर्षांची मुनिया सासरच्यांनी आपल्या गावी, पाटनला ठेवून घेतली. मुलगी आईकडे यावी म्हणून अर्ज होता, अर्जासोबत आईचं शपथपत्र. त्यात पाचव्या क्रमांकाला लिहिलं होतं, माझं कसलंही उत्पन्न नाही. समोरच्या वकिलाने नुसता मोबाइल पुढे केला. फोटोत फूलमती भाजीच्या ठेल्यामागे उभी, तराजूशेजारी पैसे घ्यायचा क्यूआर कोड टांगलेला. शपथेवर खोटं सांगणाऱ्या बाईच्या हाती मूल कसं द्यायचं, असं त्याने विचारलं, आणि खाली बसला. मुनिया तूर्त पाटनलाच राहणार. पुढची तारीख जुलैची.

फूलमती बाहेर बाकावर बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत मुलीच्या नव्या चपला. नेमकं काय झालं ते तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

या ऑफिसात एक रीत होती. ऐकल्याशिवाय अंगठा नाही. शरच्चंद्रांच्या वडिलांपासूनची. शपथपत्र टाईप झालं की रामराव पक्षकाराला त्या बाकावर शेजारी बसवायचे, चष्मा लावायचे, आणि ओळीखाली बोट ठेवून एकेक वाक्य हिंदीत मोठ्याने वाचायचे. मध्येच कोणी म्हणायचं, नाही बाबूजी, बैल दोन नव्हते, एक होता. मग पान पुन्हा टाईप. अडतीस वर्षं हेच. लोक वकिलाची फी विसरायचे, रामरावांचा आवाज लक्षात ठेवायचे.

मग प्रणोतीने सॉफ्टवेअर आणलं. फोनवर हकीकत बोलायची, दोन मिनिटांत शपथपत्र तयार. "काका, आता वाचत नका बसू," ती दिवाळीनंतर म्हणाली होती, तेही प्रेमानेच. "ते स्वतःच सगळं तपासतं. तुम्ही फक्त अंगठा घेत जा." तो 'फक्त' रामरावांनी घरी नेला. त्यानंतर कोपऱ्यावरच्या चहावाल्याला ते रोज सांगायचे, "एक दिन गिरेगी ये मशीन मुँह के बल. तब इस लड़की को मेरी याद आएगी."

फूलमतीचा अंगठा जानेवारीत झाला. प्रणोती आत व्हिडिओवर दुसऱ्या सुनावणीत होती. रामरावांनी कागद घेतला, चष्मा लावला. थोड्या वेळाने चष्मा काढून खिशात ठेवला आणि शाईची डबी पुढे सरकवली. जाताना फूलमतीने विकायला आणलेली टोपली उपडी केली. पनागरचा मटार. त्या संध्याकाळी वकिलांच्या आणि रामरावांच्या, दोन्ही घरी मटार-भात झाला होता.

"तिला सांगायचं काय?" प्रणोतीने विचारलं.

"काय म्हणजे? सॉफ्टवेअरने कुठल्या तरी जुन्या पोटगीच्या केसमधली ओळ उचलली," शरच्चंद्र म्हणाले. "दुरुस्तीचा अर्ज लावू."

"मी तं आधीपासून म्हणून राहिलो होतो," रामराव म्हणाले. पण आवाजात पाहिजे तेवढा जोर आला नाही.

शपथपत्र तिला कोणी वाचून दाखवलं, हे कोणी विचारलं नाही. शरच्चंद्रांना ते अडतीस वर्षांच्या सोबत्याला विचारावं लागलं असतं. आणि प्रणोतीने विचारलं असतं, तर उत्तर तिच्याच दारात आलं असतं.

"तुम्हीच सांगा, काका," ती म्हणाली. "तुमचं ऐकते ती. म्हणा, कंप्यूटरची चूक झाली."

रामराव शपथपत्राची प्रत घेऊन बाहेर आले. फूलमती उठून उभी राहिली.

"बाबूजी, साहब लोग नाराज़ दिखे. मेरा अँगूठा टेढ़ा लग गया था क्या?"

तिने अंगठा पुढे केला. पालेभाजी निवडून हिरवट झालेला, नखाशी चीर पडलेला. रामरावांच्या जिभेवर वाक्य तयार होतं, तीनच शब्दांचं. ते बाकावर बसले. तिला शेजारी बसायची खूण केली. चष्मा लावला, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचायला लागले.

नाव. गाव. नवऱ्याच्या मृत्यूची तारीख. मुनियाचं वय. प्रत्येक वाक्याला ती मान हलवत होती, हो, बरोबर, बरोबर. आतून शरच्चंद्र आणि प्रणोती दारात येऊन उभे राहिले. हा आवाज ऑफिसात कितीतरी महिन्यांनी ऐकू येत होता.

"पाँच. यह कि मेरी किसी प्रकार की कोई आमदनी नहीं है."

फूलमतीची मान हलायची थांबली.

"ये मैंने कब कहा? उसी दिन तो आपको मटर देके गई थी, बाबूजी." ती कागदाकडे बघत राहिली, जसं काही तिला वाचता येणार होतं. "उस दिन पढ़के सुना देते, तो मैं तभी बोल देती."

"काका, सांगा ना तिला, कंप्यूटरची—" दारातून प्रणोती हळूच म्हणाली.

रामरावांचं बोट पाचव्या ओळीखालीच होतं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"पढ़ा तो मैंने उस दिन भी था, बाई," ते म्हणाले. "सुनाया नहीं."