धाकटीची ट्यूब

धाकटीची सनस्क्रीनची ट्यूब आरशासमोर असायची. ती शाळेला निघाली की आई स्वतः तिच्या चेहऱ्याला लावून द्यायची. "गोरी आहे, उन्हाने रापेल." मी एकदा गाल पुढे केला, तर म्हणाली, "तुझं काय काळं व्हायचं राहिलंय? उगाच वाया जाईल."

आता मी शाळेत खो-खो शिकवते, दिवसभर मैदानावर असते. गालांवर वांग आले. रविवारी मला बघायला येणार होते, म्हणून आई डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाल्या, "ऊन सावळ्या कातडीलाही बाधतं. सनस्क्रीन आधीपासून लावायला हवं होतं."

खालच्या मेडिकलमध्ये आईने स्वतःहून ट्यूब मागितली. मला भरून आलं. मग तिने दुकानदाराला हळूच विचारलं, "याने रंग उजळतो ना?"

घरी आल्यावर मी ट्यूब उघडली आणि आधी आईच्याच हातावर पिळली. माझा रंग तिचाच आहे, अगदी तोच. तिने चपापून हात मागे घेतला, सगळं बोटाने निपटून माझ्या गालांना फासलं.

"माझ्यावर कशाला वाया घालवतेस?"